ओढ्याकाठचा दगड

"पण पुरावा काय, फादर?"

डॉ. अभिराम महाबळांनी चष्मा नाकावर सरकवत विचारलं. पुण्याचा हा गृहस्थ इंग्लंडात येऊन तिथल्या खेड्यांचा इतिहास लिहीत होता. पुराव्यावाचून आपण एक ओळ लिहीत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवत असे. ग्रंथ जवळजवळ पुरा झाला होता. उरलं होतं एकच गाव, हेझलकोम. मूठभर घरं, एक चर्च आणि शिवेवरचे जुने दगड. गावाचे नकाशे कधीच आगीत गेले होते.

"पुरावा नसेल, तर गाव ग्रंथात येणार नाही," डॉक्टरांनी बजावलं.

म्हातारे फादर ऑस्विन चहात बिस्किट बुडवत राहिले...

"उद्या आम्ही शिवेवरून फिरतो," शेवटी ते म्हणाले. "दरवर्षी फिरतो. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव निघालं. सगळं गाव म्हणजे चार म्हाताऱ्या, त्यांची कुत्री आणि दोन धिप्पाड शेतकरी. हातात वाळुंजाच्या छड्या. दगड आला की त्याला छड्यांनी बडवायचं, हसायचं आणि पुढे चालू लागायचं.

"हा माझा!" एका दगडावर थाप मारत एडिथबाई म्हणाल्या. "लहानपणी मला इथे उलटं धरून डोकं टेकवलं होतं. अजून झोपेतसुद्धा दाखवीन, कुठे आहे तो."

असा प्रत्येक दगडाचा, त्याची जागा लक्षात ठेवणारा, एकेक माणूस होता. डॉक्टरांना हा सगळा पोरखेळ वाटला, पण पाहुणे म्हणून तेही सगळ्यांबरोबर चालत राहिले.

ओढ्याकाठी मात्र घोळक्यातलं हसू थांबलं. इथल्या दगडाचा माणूस, म्हातारा वॉल्टर, गेल्या हिवाळ्यात वारला होता. आणि गावात आता एकही लहान मूल नव्हतं.

"हा आता कुणाच्या लक्षात राहणार?" एडिथबाईंचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी वाकून दगड नखानं खरवडला.

"शिवाय हा दगड इथला नाहीच," ते म्हणाले. "या भागात असला दगड सापडतच नाही. कुणीतरी बाहेरून आणून ठेवलाय."

फादरनी शेतकऱ्यांकडे पाहून नुसती मान हलवली...

पुढच्या क्षणी ग्रंथकार उलटे! चष्मा गवतात, कोटाचा घोळ तोंडावर, ओढा डोक्याकडे आणि आभाळ पायांकडे. डोकं दगडावर अलगद टेकलं आणि म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

जमिनीवर पाय लागले की चांगलं फैलावर घ्यायचं, असं डॉक्टरांनी उलटं लोंबकळतानाच ठरवलं होतं. पण पाय लागले आणि त्यांना हसू फुटलं. आवरेचना. इतकं ते कित्येक वर्षांत हसले नव्हते, आणि त्यांना फार बरं वाटलं.

एडिथबाईंनी चष्मा पुसून हातात दिला.

"हा दगड मी जन्मात विसरणार नाही," टाळू चोळत डॉक्टर म्हणाले.

"मग झालं तर," फादर म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा नाकावर चढवला.

"पण फादर, मला कशाला? मी परका माणूस. मी काही इथला नाही..."

फादर दगडावर ऐसपैस बसले. त्यांनी थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"दगड तरी कुठे इथला आहे?"