ओखिंडीत हाक मारली तर

मघाशी तुम्ही तुमच्या मैत्रिणीला हाक मारलीत आणि खालच्या काजूच्या बागेतून चार-पाच बायकांनी एकदम ओ दिली, तेव्हा तुम्ही दचकलात. दचकू नका. या खिंडीचं नावच ओखिंड आहे. इथे बाईच्या नावाने हाक मारली की ऐकू येईल तेवढ्या सगळ्याजणी ओ देतात. बसा, ताक घ्या, सांगते. मी अनशी ढोके, खालच्या कातळवाडीची. माझ्या आजेसासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने.

तुम्ही जो गड बघून आलात, त्यावर तेव्हा हवालदाराचा अंमल होता. खिंडीच्या या अंगाला गडाची हद्द, त्या अंगाला दुसऱ्या सरदाराची. गडाच्या कोठीत दळण-कांडणाला बायका असत. त्यांना कुणबिणी म्हणत. शेतकऱ्याच्या घरच्या कुणबिणी नव्हेत हं. या विकत घेतलेल्या बायका. कुणी दुष्काळात उचललेली, कुणी स्वारीत धरून आणलेली. एकदा गडावर चढली की ती गडाची, आणि तिच्या पोटचं पोरही गडाचं.

त्यातली एक पुतळी. दहा वर्षांची असताना तिला आणलं होतं, असं सांगतात. पुढे तिला मुलगी झाली, येसू. ही गोष्ट घडली तेव्हा येसू सात वर्षांची होती.

त्या वैशाखात हवालदाराच्या लेकीचं लग्न निघालं. मुलीला आंदण काय द्यायचं ते ठरलं. भांडी, दुभती गाय आणि हाताखाली एक पोर. ती पोर म्हणजे येसू. वरात कृष्णेच्याही पलीकडे जायची होती. पुतळीला हे कुणी सांगायला आलं नाही. भिवरी म्हणून एक वयस्क कुणबीण होती, तिच्या कानावर आलं. जात्यावर बसल्या बसल्या, हात न थांबवता, ती पुतळीला म्हणाली, "येसूला आंदण देतायत."

पुतळीचा हात थांबला.

"दळत राहा," भिवरी म्हणाली. "जातं थांबलं की वरचे बघायला येतात. माझी सोना अशीच गेली. बारा वर्षं झाली. कुठल्या गावाला गेली तेही मला ठाऊक नाही."

पळालेल्या कुणबिणीचं काय करतात ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण राहिलो तर पोर जाते, हेही दिसत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पत्रावळींसाठी पळसाची पानं आणायला बायकांना खाली रानात धाडलं. पोरांचे हातही लागतील म्हणून येसूला बरोबर घेतलं. राखणीला एकच शिपाई होता. उन्हं चढली तसा तो आंब्याखाली आडवा झाला. भिवरीने पुतळीकडे पाहिलं. तिघी पानं तोडत तोडत कारवीच्या झुडपांत शिरल्या आणि मग बाहेर आल्याच नाहीत.

भर दुपार होती. लपायला अंधार नाही, धड आडोसा नाही, पायांखाली वाळला पाला कडकड वाजतोय. येसूला वाटलं खेळच आहे. तिने एकदा हसून विचारलं, "आपण कुठे चाललो?" पुतळीने नुसता तिचा हात ओढला.

खिंड हाकेच्या अंतरावर आली आणि वर गडावर शिंग वाजलं. तुम्ही आलात त्या वाटेने शिपाई धावत उतरले. त्यांचा जमादार रायाजी खिंडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. हे तुम्ही बसलात ना, इथेच. तिघी खालच्या कारवीत पालथ्या पडल्या. मध्ये वीस पावलंसुद्धा नव्हती.

रायाजीने झुडपं झोडपली नाहीत. तो हुशार होता. त्याने नुसती हाक मारली.

"पुतळे!"

बायांनो, हे नीट समजून घ्या. कुणबिणीला हाक आली की ओ द्यायची. उशीर झाला की पाठीवर चामड्याची वादी. पंधरा वर्षं पुतळीने एकाही हाकेला उशीर केला नव्हता. रायाजीची हाक आली आणि ओ तिच्या घशात आपोआप उभी राहिली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"पुतळे, ये बाहेर! हवालदारसाहेबांनी माफ केलंय. पोर तुझ्याजवळच राहील. ये!"

येसू तिच्या कानाशी पुटपुटली, "आई, तुला बोलावतायत."

पुतळीने तिचं तोंड दाबलं. पोरीचे डोळे मोठे झाले. आता तिलाही कळलं की हा खेळ नाही. पुतळीच्या पदराच्या बोळ्यातून घुसमटल्यासारखा आवाज निघाला. तिसऱ्या हाकेला तिने ओ दिलीच असती. ही गोष्ट पुढे तिने स्वतःच सांगितली.

भिवरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी ओ मी देते," ती म्हणाली. "मी दिली की तू पळ. मागे बघू नकोस."

"तुम्हाला धरतील, भिवराक्का."

"धरू दे."

ती सरपटत सरपटत दूर कड्याच्या बाजूला गेली. रायाजीने पुन्हा हाक मारली आणि तिकडून स्पष्ट आवाज आला, "ओ! आले!" रायाजीसकट सगळे शिपाई तिकडे धावले. पुतळीने येसूला काखोटीला मारलं आणि मोकळी खिंड पार केली. मागून हाका ऐकू येत होत्या. भिवरीने तीन वेळा ओ दिली, दर वेळी आणखी लांबून. त्यापुढच्या हाकेला ओ आली नाही.

भिवरीचं पुढे काय झालं? कुणी म्हणतं कड्यावरून गेली, कुणी म्हणतं गडाच्या अंधारकोठडीत मेली. आम्हाला ठाऊक नाही. माहीत नाही ते रचून सांगायचं नाही, असं आमच्या घरी बजावलेलं आहे.

खिंडीपलीकडे कातळवाडीत धोंडाई नावाच्या विधवा बाईने या मायलेकींना घरात घेतलं. पण पुतळी घरात आली तरी भीती दाराशीच बसली होती. कुणी कुणाला हाक मारली की हिच्या हातातलं भांडं पडायचं. धोंडाईने एकदा खोदून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आई, मला तलवारीची भीती नाही. माझ्याच तोंडाची भीती वाटते. ते माझं ऐकत नाही."

आषाढात लावणी चालू होती. वाडीच्या सोळा बायका चिखलात वाकल्या होत्या. रायाजी दोन माणसं घेऊन, घोंगड्या विकणाऱ्याच्या वेषात खिंडीतून उतरला. पळालेली कुणबीण ओळखून दाखवली तर ती परत मागायचा रिवाज होता. पण त्याला पुतळीचा चेहरा माहीत नव्हता. गडावर या बायका खाली मान घालूनच वावरायच्या, आणि त्यानेही कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्याला फक्त नाव माहीत होतं. बांधावर उभा राहून तो एकदम ओरडला,

"पुतळे!"

आणि पुतळीच्या तोंडून ओ गेली.

तिच्या हातातली रोपं गळाली. पाय चिखलात रुतले होते, पळणार कुठे? वाकलेल्या पाठींतून ओ नेमकी कुणाची आली ते बघायला रायाजी बांधावरून उतरला. तेवढ्यात धोंडाईने कंबर सरळ केली आणि ठणकावून म्हणाली, "ओ! काय रे?"

तिच्या पलीकडची उठली. "ओ!" मग तिसरी, मग चौथी. सोळाच्या सोळा.

"पुतळी कोण?" रायाजीने दरडावलं.

"मीच की."

"मी पण पुतळीच. तुला कुठली पाहिजे?"

बांधावर येसू शेळी राखत बसली होती. तीही उठली. म्हणाली, "मी पुतळी."

आरडाओरडा ऐकून गावचा पाटील आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि रायाजीला विचारलं, "एवढ्या सगळ्या नेणार आहात का, जमादार? मग आमच्या सरदारांना तसा निरोप धाडतो." रायाजी परत गेला. पुढच्या दोन वर्षांत तो आणखी दोनदा आला, असं सांगतात. दोन्ही वेळा तेच झालं. मग गडावरून कुणी आलं नाही.

पुतळी म्हातारी होऊन मेली, स्वतःच्या घरात. भीती गेली का म्हणाल, तर नाही गेली. मरेपर्यंत हाक ऐकली की ती दचकायची. पण तिच्या आधी शेजारपाजारच्या ओ द्यायच्या, मग ती हसायची.

आजही आम्ही ओ देतो. गंमत म्हणून नाही. मागच्या शिमग्यात याच रस्त्यावर एक जीप थांबली. तिघे पुरुष उतरले आणि खाली बघून ओरडायला लागले, "सुवर्णा! ए सुवर्णा!" आम्ही अकराजणी काजू वेचत होतो. अकराहीजणींनी ओ दिली आणि कोयते घेऊन रस्त्यावर चढलो. त्यांनी जीप वळवली आणि गेले.

सुवर्णा नावाची मुलगी खरंच आमच्या बागेत झाडामागे लपून बसलेली आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं.