तान्हुबाईचं टोक

फार फार वर्षांमागे, गावात अजून शाळाही नव्हती तेव्हा, पिंपळसोंडीत सटवाजी नावाचा दोर वळणारा होता. घायपाताच्या वाखाचा, म्हणजे पानांतल्या धाग्यांचा, असा न तुटणारा दोर वळायचा की त्याच्या दोराने विहिरीला झोपू दिलं नाही, असं म्हणतात.

दोर एकट्याने वळत नाही. एकाने पीळ भरायचा, दुसऱ्याने टोक धरून मागे मागे सरकायचं. ते टोक धरायची त्याची बायको तान्हुबाई. लग्न होऊन आली तेव्हाच सटवाजी म्हणाला होता, "सोडू नगंस, पीळ उलगडंल." वीस वर्षं तिने सोडलं नाही.

मग एकदा गावातला येदू आला. बावीस वर्षांचा, भाऊ गेल्यापासून दारूत बुडालेला. हात कापायचे, कुणाशी बोलायचा नाही. सटवाजीने त्याला ना शपथ घातली, ना उपदेश केला. टोक हातात दिलं आणि म्हणाला, "सोडू नगंस, पीळ उलगडंल."

तान्हुबाईने ते दारातून ऐकलं. ते बोलणं तिचं होतं!

समोरासमोर जे बोलवत नाही, ते तीस हात लांबून बोलवतं. येदू बोलू लागला. मधेच पिऊन गायब व्हायचा, परत यायचा. सटवाजी नुसतं "आलास?" म्हणायचा. मग तसलीच आणखी दोन पोरं आली. दोराला हात लावूनच सटवाजी त्यांच्या मनातली थरथर ओळखायचा, असं म्हणतात.

"सवत तरी एकच असती," तान्हुबाई भाकरी आपटत म्हणाली. "हितं तीन-तीन, अन् त्याबी मिशीवाल्या!"

सटवाजी हसला. ती नाही हसली. "आपलं लेकरू गेलं तवा माझाबी हात थरथरत हुता. तवा न्हाई कळलं तुमच्या दोराला?"

सटवाजी मान खाली घालून भाकरी मोडत राहिला.

एके दिवशी वळलेले सगळे दोर घेऊन तो बाजाराला गेला. येदू आला. आठ दिवस त्याने थेंब घेतला नव्हता. तान्हुबाई दारातच म्हणाली, "उद्यापास्नं येऊ नगंस. धनीच म्हनले."

येदू नुसता वळला आणि गेला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारी ओरडा झाला. येदू पडक्या विहिरीत उतरून तळाच्या कपारीत बसला होता, वर येईना.

तान्हुबाई अर्धवट वळलेला दोर घेऊन धावली. दोर पुरेना. तिने पदर फाडून जोडला, तरी पुरेना. मग केस सोडून त्यात पिळले. केस वाढत गेले, वाढत गेले आणि तळाला टेकले, असं म्हणतात.

"येदू, धनी न्हाई, म्याच हाकललं तुला. हेवा वाटला रं मला. धर टोक. सोडू नगंस, पीळ उलगडंल."

खूप वेळ काही हललं नाही. मग दोराला ओढ लागली.

तेवढ्यात सटवाजी पोचला. त्याने मागून दोर धरला आणि थबकला.

"तान्हे, हात थरथरतुया तुझा."

"आत्ता कळलं व्हय!" ती म्हणाली. पण टोक सोडलं नाही.

येदू वर आला. पुढेही दोनदा घसरला, दोनदा परत आला. मग आयुष्यभर दोर वळत राहिला.

अजूनही पिंपळसोंडीत कुणाचा तरणा पोर नशेत बुडाला, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसला, की शेजारी सकाळी वाख घेऊन येतात. उपदेश करत नाहीत, त्याच्या हातात टोक देतात. पण त्याच्याआधी त्या घरच्या बाईचा हात हातात घेतात, आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत दोराला पीळ भरत नाहीत.