तिसरा भाग

केस पिकले तरी सोलेनला परीक्षा म्हटलं की लोरिकच्या खोलीतला कांद्याच्या सूपचा वास आठवतो. फ्रान्सच्या रेन शहरात ती, मार्गो आणि लोरिक इंग्रजी साहित्य शिकत होते. तोंडी परीक्षेत कवितेचं विवेचन तीन भागांतच करायचं, ही तिथली जुनी शिस्त. सरावासाठी तिघांनी भाग वाटून घेतले होते. पहिला सोलेनचा, दुसरा मार्गोचा, तिसरा लोरिकचा. सूप उकळेपर्यंत कविता संपलेली असायची.

परीक्षेत तिन्ही भाग एकटीनेच बोलायचेत, हे सोलेनच्या ध्यानात आलं ते थेट परीक्षेच्या खोलीत.

वाट्याला आलेल्या इंग्रजी कवितेत एक म्हातारी समुद्रावर गेलेल्या नवऱ्यासाठी रोज ताट मांडते, आणि तो काही येत नाही. सोलेनने पहिला भाग सांगितला, मार्गोची पद्धत आठवत दुसराही रेटला आणि गप्प झाली.

समोर भल्याभल्यांना रडवणारे प्राध्यापक व्हासल होते. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "तिसरा भाग कुठे आहे, मादमोझेल? की फ्रान्सचा नियम तुम्हाला लागू नाही?"

सोलेन म्हणाली, "सर, म्हातारीसारखंच मीही तिसऱ्या भागाचं ताट मांडून ठेवलंय. तिथे मी बोलले, तर तिचा नवरा घरी आल्यासारखं होईल."

व्हासल यांनी कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी पेन उचललं.

निकालाच्या संध्याकाळी सूप ढवळणाऱ्या लोरिकला सोलेन म्हणाली, "सगळ्यात जास्त गुण तुझ्या भागाला मिळाले."