गेरूचा तळहात

शिरसपूरच्या कोष्टी आळीत निंबाजी नावाचा एक विणकर राहत होता. आळीत वीस घरं होती, वीस माग होते आणि विहीर मात्र एकही नव्हती. सुताला खळ द्यायची तर पाणी लागे, रंग चढवायचा तर पाणी लागे, आणि नदी अर्धा कोस लांब. निंबाजीची बायको ठकूबाई दिवसाला आठ खेपा करी. घागरींच्या ओझ्याने तिची मान एका बाजूला कलली होती आणि ती आता निजल्यावरही सरळ होत नसे.

विहीर मिळवायचा रस्ता एकच होता, आणि तो धावत जायचा होता. शिरसपूरच्या राजाला धावण्याचा भारी षोक. स्वतः तो पालखीतून सहसा उतरत नसे, पण दुसऱ्याला धाप लागलेली पाहिली की त्याला फार बरं वाटे. दर माघात तो लांब धाव भरवी. गावच्या वेशीपासून भवानीच्या डोंगरमाथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एकूण तेरा कोस. माथ्यावर राजाने नेमलेला पंच बसे. आलेल्या माणसाचा उजवा तळहात तो गेरूच्या परातीत बुडवी. तो लाल तळहात घेऊन जो सूर्य मावळायच्या आत वेशीत परत येई, त्याच्या आळीला राजा एक विहीर बांधून देई; आळीतले कितीही जण परतले तरी वर्षाला एकच. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, विहीर सारखीच.

वरच्या आळीला अशा दोन विहिरी मिळाल्या होत्या. कोष्टी आळीतून मात्र आजवर एकही माणूस उजेडात परतला नव्हता. विणकराचा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जातो. पाय हलतात ते मागाच्या पावड्या दाबायला, आणि तेही बसल्या जागी. धावणार कुठून?

निंबाजीने पंचेचाळिसाव्या वर्षी धावायचं मनावर घेतलं. रोज पहाटे तो नदीकाठच्या वाटेने धावू लागला. त्याला धावणं म्हणायचं की नाही, यावर आळीत एकमत नव्हतं. डोक्यावर भरलेल्या घागरी घेतलेल्या बाया मागून येत आणि म्हणत, "निंबाजी भावजी, जरा कडेला व्हा की, आम्हाला उशीर होतोय!" निंबाजी हसून कडेला होई. मग माग चालतो त्या तालात पुन्हा पावलं टाकू लागे, ना जलद ना सावकाश. वर्षभर त्याने एक दिवस चुकवला नाही.

धावेच्या दिवशी नगारा वाजला आणि चाळीस जण उधळले. पहिल्या कोसातच एकोणचाळीस जणांच्या पाठी निंबाजीने पाहिल्या, नंतर त्याही दिसेनाशा झाल्या. दर कोसावर राजाने पाण्याचे रांजण ठेवले होते. पुढचे ते पाणी प्याले, मधल्यांनी डोक्यावर ओतून घेतलं. निंबाजी पोचला तेव्हा रांजणाचा तळ तेवढा ओला होता. हळू माणसाच्या वाट्याला नेहमी ओला तळच येतो. त्याने बोटं बुडवून ओठांना लावली आणि तो पुढे निघाला.

डोंगराच्या पायथ्याशी चिंचेचं मोठं झाड होतं. त्याखाली वरच्या आळीचा दिगंबर उपरण्याची उशी करून आडवा झाला होता. पहाटे सगळ्यांच्या पुढे धावणारा हाच. त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडून दाखवली. आत गेरूची पूड होती.

"बस की रे निंबाजी, कशाला छाती फोडतोस? घे चिमूटभर. वर पंचाकडे आहे तो गेरू आणि हा, एकाच खाणीतला आहे."

"एकाच खाणीतला असेल तर वरचाच लावून घेतो," निंबाजी म्हणाला आणि चढू लागला.

चढ उभा होता. गुडघे कुरकुरत होते. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्याने चपला तिथेच टाकल्या. त्याला डोळ्यांपुढे ठकूबाईची कललेली मान दिसत होती. डोंगराची तांबडी माती घामाला चिकटत चिकटत पोटरीपर्यंत चढली. अखेर तो माथ्यावर पोचला.

माथ्यावर कोणी नव्हतं.

पंचाचं नाव आबाजी. स्वभावाने तो वाईट नव्हता, फक्त त्याला भूक लागली होती. एकेक करत अडतीस तळहात त्याने बुडवले. मग बराच वेळ कोणी आलं नाही. उरले होते दोघे. दिगंबर काय, दमून परत गेला असेल. आणि दुसरा तर कोष्टी, तो कसला येतोय, असं आबाजीने मनाशी ठरवलं. खाली राजाच्या वाड्यात पुरणपोळीची पंगत बसायची वेळ झाली होती. आबाजीने परात धुतली, देवळाला टेकवून उभी केली आणि मागच्या पायवाटेने तो उतरून गेला.

निंबाजीने तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. परात ठेवली होती त्या दगडावर गेरूचे ओले डाग होते. हात नुसता घासला असता तरी तळवा लाल झाला असता. त्याने हात पुढे केलाही. मग त्याच्या मनात आलं, खूण पंचाने उठवायची असते. मीच उठवली तर मी चिंचेखालीच बसलो असतो तरी काय बिघडलं असतं? पंच जागेवर नव्हता, एवढं खरं सांगितलं की झालं. राजाचा पंच काही खोटं बोलणार नाही. भवानीला हात जोडून तो उलटा फिरला.

कासराभर दिवस उरला असताना वेस दिसली. त्याच्या पायाच्या एका बोटाचं नख निघालं होतं. सूर्य अजून टेकायचा होता तोच तो वेशीत शिरला. कोष्टी आळीने असा काही गलका केला की नगारा ऐकू येईना. ठकूबाई रडत होती आणि हसतही होती.

राजाच्या पालखीशेजारी उभा असलेला कारभारी म्हणाला, "हात दाखव."

निंबाजीने हात पुढे केला. तळहात कोरा होता.

"वर पंच नव्हते, महाराज," निंबाजी म्हणाला.

राजाने आबाजीला बोलावलं. तो पंगतीतून उठून आला, बोटांना अजून तूप होतं. त्याने निंबाजीकडे पाहिलं. खरं बोलावं तर पंचकी जाणार होती. "मी शेवटच्या माणसापर्यंत बसून होतो, महाराज," तो म्हणाला. "हा आला नाही."

निंबाजीने आपल्या पायांकडे बोट दाखवलं. शिरसपूरची सगळी माती काळी. तांबडी माती फक्त भवानीच्या डोंगरावर, आणि ती त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढलेली होती. राजाने ते पाय पाहिले. त्याला सगळं कळलं, आणि त्याने कारभाऱ्याकडे पाहिलं.

"महाराज, नियम तळहाताचा आहे," कारभारी म्हणाला. "पायांचं त्यात काही म्हटलेलं नाही."

"नियम तो नियम," राजा म्हणाला.

दिगंबर दुपारीच परतला होता. त्याचे पाय काळे आणि तळहात लाल होता. वरच्या आळीला तिसरी विहीर मिळाली.

घरी आल्यावर ठकूबाईने निंबाजीचे पाय धुतले. मग तिने विचारलं, "वर दगडावर गेरू होता म्हणता ना? मग जरासा हात घासायचा होता. खोटं थोडंच होतं ते?"

"पंचाने लावायचा असतो गं," तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि घागर उचलून ती नदीवर गेली. वेशीत लोक हसले होते, त्याचं निंबाजीला इतकं लागलं नव्हतं, जितकं ते पाठमोरं जाणं लागलं.

वर्ष गेलं. आबाजीला अन्न गोड लागेना. पुढच्या माघात तो पहाटेच माथ्यावर जाऊन बसला. पंगतीला येणार नाही म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलं. 'निंबाजी येईल. त्याचा हात मी माझ्या दोन्ही हातांनी बुडवीन आणि त्याचे पाय धरीन,' असं तो घोकत होता. दुपारपर्यंत अकरा जण आले. पुढे कोणीच आलं नाही. आबाजी उपाशी बसून राहिला. दिवस कलला तसा तो रिकाम्या मनाने खाली उतरला.

वेशीत पाहतो तो चाळीस तळहात लाल! त्या वर्षी चिंचेखाली म्हणे जागा धरावी लागली होती. रांगेत निंबाजीही उभा होता. त्याच्या कपाळावर घाम नव्हता, पायांना काळी माती होती.

"पंच, हा कोष्टी वर आला होता?" कारभाऱ्याने विचारलं.

आबाजीने निंबाजीकडे पाहिलं. निंबाजीने नजर खाली घेतली नाही.

"आला होता," आबाजी म्हणाला.

कोष्टी आळीला विहीर मिळाली. चांगलं पाणी लागलं. पहिला गडू ठकूबाईने नवऱ्याच्या हातात दिला आणि विचारलं, "गोड आहे ना?"

"गोड आहे," निंबाजी म्हणाला. "डोंगर चढलो त्या वर्षी मिळालं नाही. झाडाखाली बसलो त्या वर्षी मिळालं." त्याने गडू पुरा संपवला. त्यानंतर तो कधी धावला नाही.

तात्पर्य: शेवटचा माणूस यायच्या आत पंच एकदा उठून गेला, की पुढच्या वर्षी सारं गाव चिंचेखाली बसायला शिकतं, आणि सगळ्यात आधी शिकतो तो खरा धावलेला माणूस.