हळदूच्या पेटीतला पेंढा

एक होतं अंगण. अंगणात होतं डबकं. डबक्यात पोहायची एक बदक आई, आणि तिच्या मागे मागे तिचं पिल्लू. पिल्लू कसं? हळदीसारखं पिवळं. म्हणून त्याचं नाव हळदू.

ऊन तापलं. डबकं आटलं. उरला नुसता चिखल. आता बदकांनी पोहायचं कुठं?

दुसऱ्या गावची विजूमावशी म्हणाली, माझ्या गावात मोठं तळं आहे, चला माझ्याकडे. मावशीची लाल गाडी दारात आली. गाडीत ठेवली लाकडी पेटी. पेटीला वारा यायला भोकं. आई पेटीत जाऊन बसली. हळदूनं मारली उडी, टुणकन!

सर्रर्र... धप्प!

हळदू घसरलं. उठलं. सर्रर्र... धप्प! पुन्हा घसरलं. पेटीत काल मऊ मऊ पेंढा होता. आज होती नुसती गुळगुळीत फळी. कुणी नेला बरं पेंढा?

मावशीनं हळदूला अलगद खाली ठेवलं. गाडी वळली की पेटीत पाय घसरणार. इवलासा पाय, मुरगळला तर?

"पेंढो नाय, तर गाडी नाय," मावशी म्हणाली.

पेंढा शोधायला तीच जाणार होती. पण पेटीत आईला उकडत होतं. मावशी सुपानं वारा घालत बसली, फस् फस्, फस् फस्. मग हळदूच निघालं.

डुगु डुगु, डुगु डुगु.

माजघरात होता पेंढा. पेंढ्यावर होते आंबे. हिरवे आंबे पेंढ्यात ठेवले की पिकतात. त्याला म्हणतात अढी. हळदू म्हणालं,

"गाडी निघत नाही.
पेंढ्या पेंढ्या, पेटीत ये ना."

पेंढा म्हणाला, "येईन रे बाळा, का नाही येणार? पण माझ्या अंगावर आंबे. आंबे उठत नाहीत, मी येत नाही."

हळदूनं वर पाहिलं. गोल गोल आंबे, ढीगभर आंबे.

"पेंढा येत नाही.
गाडी निघत नाही.
आंब्यांनो आंब्यांनो, उठा ना."

आंबे म्हणाले, "उठू रे बाळा, का नाही उठणार? पण आम्हांला ना हात, ना पाय. तात्या उचलत नाहीत, आम्ही उठत नाही."

डुगु डुगु, डुगु डुगु. हळदू गेलं ओटीवर. ओटीवर चटई. चटईवर मांडी घालून बसलेले घरातले तात्या.

"आंबे उठत नाहीत.
पेंढा येत नाही.
गाडी निघत नाही.
तात्या तात्या, आंबे उचला ना."

तात्यांनी कपाळाला हात लावला. आंबे फार आले, पेंढा कमी पडला, तेव्हा घाईघाईत त्यांनी बदकांच्या पेटीतला पेंढाच अढीत घातला होता. बदकांना तो लागेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तात्यांना फार वाईट वाटलं.

"तुझो पेंढो मीच नेलंय रे बाळा," तात्या म्हणाले. "पण मांडयेर मनी. लेकुरवाळी आसा ती, तिका उठवू कसो? मनी उतरत नाय, मी उचलीत नाय."

मनी म्हणजे मांजर, तात्यांच्या मांडीवर बसलेली. हळदूनं मान उंच केली.

"तात्या उचलत नाहीत.
आंबे उठत नाहीत.
पेंढा येत नाही.
गाडी निघत नाही.
मनी मनी, खाली उतर ना."

मनी म्हणाली, "उतरेन रे बाळा, का नाही उतरणार? मला तर तहान लागलीय. पण माझं राखू मला धरून बसलंय. राखू सोडत नाही, मी उतरत नाही."

राखू म्हणजे मनीचं पिल्लू. राखेसारखं करडं, मुठीएवढं. दोन्ही पंजांनी त्यानं आईला घट्ट धरलं होतं.

"मनी उतरत नाही.
तात्या उचलत नाहीत.
आंबे उठत नाहीत.
पेंढा येत नाही.
गाडी निघत नाही.
राखू राखू, आईला सोड ना."

राखू म्हणालं, "म्यांव. आई गेली की मी एकटं. मला भीती वाटते."

हळदूनं दाराकडे पाहिलं. त्याचीही आई लांब होती, तिकडे गाडीत. त्यालाही भीती वाटत होती.

"मी बसेन तुझ्याजवळ," हळदू म्हणालं. "तुझी आई येईपर्यंत."

राखूनं एक पंजा सोडला. मग दुसरा सोडला. घरंगळत आलं चटईवर आणि हळदूला बिलगलं.

मग काय!

राखूनं सोडलं, मनी उतरली, टप्!
मनी उतरली, तात्या उठले, हुश्श!
तात्या उठले, आंबे उचलले, टप टप टप!
आंबे उचलले, पेंढा निघाला, सळसळ सळसळ!
पेंढा निघाला, पेटीत बसला, मऊ मऊ मऊ!

गाडी म्हणाली, घुर्रर्र!

पण हळदू कुठं?

हळदू चटईवर. राखू त्याच्या पंखावर डोकं ठेवून झोपलेलं. तिकडून आई हाका मारतेय, क्वॅक क्वॅक! हळदूचे डोळे भरून आले. पण ते उठलं नाही. उठलं तर राखू जागं होईल, आणि राखू एकटं.

मावशीनं ओटीवर डोकावून पाहिलं. परत गेली. गाडी बंद केली. दारं उघडली आणि पुन्हा सूप हातात घेतलं, फस् फस्, फस् फस्.

"तो येयसर गाडी हलूची नाय," ती आईला म्हणाली. हळदू येईपर्यंत गाडी थांबणार.

लप लप, लप लप. मनी पाणी प्यायली आणि धावत आली. राखूला तिनं कुशीत घेतलं. हळदूचं डोकं चाटलं.

"पळ बाळा, तुझी आई वाट बघतेय."

डुगुडुगुडुगुडुगु! हळदू पळालं. तात्यांनी त्याला उचलून पेटीत ठेवलं. पाय घसरला? नाही! पेंढ्यात रुतून बसला. मावशीनं पेटीवर पातळ ओढणी टाकली, काच थोडी उघडी ठेवली, आणि गाडी निघाली हळू, हळू, अगदी हळू.

आईनं विचारलं, "एवढा वेळ कुठं होतास रे?"

"राखूजवळ," हळदू म्हणालं. "त्याची आई येईपर्यंत."

आई जवळ सरकली. तिनं पंख उघडला. हळदू आत शिरलं. आईनं पंख मिटला.

हळदू निजलं, राखू निजलं, आता आपणही निजूया.