ठकूच्या पट्टीत गाणारा लोहार

दुपारच्या वेळी भात्याची साखळी ओढता ओढता ठकू गायची. समोर ऐरणीवर घण घालणारा तिचा नवरा केरबा तेव्हा मुद्दाम घाव हळू घालायचा, तिचा शब्द बुडू नये म्हणून.

भाता मी ओढिते, निखारा फुलतो,
राखेच्या आत माझा देव गं बोलतो.

ठकूला जाऊन नऊ वर्षे झाली होती. भाता आता केरबाच ओढी आणि घणही तोच घाली. ओवी त्याला पाठ होती, पण तो गळा मात्र कानातून झिरपत चालला होता. आधी तिची हाक विसरली, मग हसणे विसरले. उरली होती एवढी एक चाल, आणि तीही आता कधी सापडे, कधी सापडत नसे.

भाविकहो, त्याच वर्षी सखोबा महाराज चातुर्मासासाठी सीनेकाठच्या कोळवडगावी येऊन राहिले. मुक्काम मारुतीच्या देवळात. सामान म्हणाल तर दोन धोतरे, एक घोंगडी आणि खांद्याला वीणा. दिवेलागणीला गावकरी भजनाला जमत, महाराज खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत. भजन आटोपले की एकेकाला हाताने खुणावून जवळ बसवून घेत. कुणाचे गाणे वाईट, असे त्यांच्या तोंडून कधी निघाले नाही.

म्हसू तेल्याला म्हणाले, "तुझ्यासारखा ताल या गावात कुणाचा नाही. पण विठ्ठल म्हणताना सगळा आवाज नाकात शिरतो बघ. जबडा सैल सोड. घास घेताना सोडतोस ना, तसा."

नारू शिंप्याला म्हणाले, "तुझा आवाज गोड आहे, पण मान आभाळाला लावून गातोस. देव काय आढ्याला बसलाय? हनुवटी खाली घे."

लोक हसत, नारूही हसे. पण दुसऱ्या दिवशी त्याचा गळा खरोखर मोकळा झालेला असे.

महाराजांना काही विचारायला जात नसत ते फक्त त्र्यंबकबुवा. बुवा भजनाचे म्होरके. तरुणपणी नाटक कंपनीत चार वर्षे पेटी वाजवलेली, त्यामुळे गाण्यातले आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचा आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती.

केरबा सगळ्यांच्या मागे, उंबऱ्यापाशी बसे. त्याची पाळी आली की तो ठकूची ओवी धरी, आणि धरी ती थेट काळी चारमध्ये. पेटीवरची ती बायकांच्या गळ्याची पट्टी. लोहाराचा तो रुंद, खर्जातला गळा तिथवर चढताना ताणला जाई, मानेच्या शिरा फुगत आणि दुसऱ्या ओळीला आवाज हटकून फाटे.

"केरबा, कोंबडं कापतोयस का रे?" बुवा पेटी थांबवून म्हणत. "एकदा गळासुद्धा भट्टीत घालून ठोकून घे."

सप्ताह बसला त्या दिवशी बुवांनी सगळ्यांसमक्ष सांगितले, "काल्याला दहा गावची माणसं येतात. त्या दिवशी तुझा आवाज फाटला, तर पुन्हा या देवळात तोंड उघडायचं नाही. आहे कबूल?"

केरबाने मान हलवली. दुसरे काय करणार? घरात एकटा गायला की त्याला ठकू ऐकू येत नसे. इथे टाळ-वीणेच्या मेळात, आवाज फाटायच्या अगदी आधी, एखादा क्षण ती येऊन गेल्यासारखी वाटे. तेवढ्या क्षणासाठी तो रोज हसू करून घ्यायला येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः त्याच्या भट्टीपाशी येऊन बसले. बराच वेळ त्याचे काम बघत राहिले. मग म्हणाले, "भाता झटके देऊन का नाही ओढत रे?"

"झटक्यानं नुसत्या ठिणग्या उडतात, महाराज. लोखंड तापत नाही. भात्याचं पोट भरू द्यायचं आणि सावकाश सोडायचं."

"हे तुला येतं. मग गाताना छाती उचलून झटका का देतोस? पोट भरू दे. सावकाश सोड."

केरबाने करून पाहिले. श्वास इतका लांबला की तोच चकित झाला.

"शब्द तुझे स्वच्छ आहेत," महाराज म्हणाले. "एकही अक्षर तू गिळत नाहीस. आता एकच कर. पट्टी उतरव. पांढरी एकवर ये. काळी चार तुझी नव्हे."

केरबाच्या हातातली साखळी थांबली. तो म्हणाला, "ती ठकूची आहे, महाराज. मी खाली आलो तर ती वरच राहील. मग मला कुठं सापडायची?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते उठले, त्याच्या घामेजल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिची जागा तू अडवून बसलायस, केरबा. उतर. तिला गाऊ दे."

त्यानंतरचे पाच दिवस तो भजनाला आला, पण गायला नाही.

काल्याचा दिवस उजाडला. देवळापुढे मांडव भरून गेला, अलीकडे बाप्ये, पलीकडे बायका. उंबऱ्यापाशी बसलेल्या केरबाची पाळी आली. बुवांनी मिशीतल्या मिशीत हसत पेटीवर काळी चार दाबून धरली. नऊ वर्षांची सवय! तो सूर कानी पडताच केरबा ओढला गेला, आणि पहिल्याच ओळीला त्याचा आवाज चिरकला. मांडवात हशा पिकला. बुवांनी पेटी मिटली.

"झालं," ते म्हणाले. "ठरल्याप्रमाणे खाली बस."

केरबा बसणार, एवढ्यात महाराज बसल्या जागेवरून वीणेची खुंटी फिरवू लागले. तार हळूहळू उतरत गेली, उतरत केरबाच्या छातीपाशी येऊन थांबली. महाराजांनी ती छेडली.

केरबाने डोळे मिटले. पोट भरू दिले. आणि आयुष्यात प्रथमच तो आपल्या स्वतःच्या आवाजात गायला. तो आवाज जाडा होता, खरखरीत होता, पण कुठेही फाटत नव्हता. "राखेच्या आत माझा देव गं" इथवर येऊन त्याने सूर लांबवला, आणि त्या सुराच्या वर, बरोबर काळी चारमध्ये, दुसरा एक गळा उभा राहिला.

बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. कुणाचेच ओठ हलत नव्हते. ठकूची थोरली जाऊ पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. केरबाच्या गालांवरून पाणी वाहत होते, पण त्याने श्वास तुटू दिला नाही. विसरलेली हाक त्याला आठवली. हसणे आठवले. दोन्ही गळ्यांनी ओवी मिळून पुरी केली, आणि श्वास संपला तशी ती हलकेच निघून गेली.

धन्य ते महाराज, वीणा मांडीवर घेऊन कधीपासूनचे ध्यानस्थ बसले होते!

त्र्यंबकबुवा पेटीमागून उठले. त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवले, तेव्हा महाराज म्हणाले, "इथे नको, बुवा. ज्याचं देणं राहिलंय त्याच्याकडे जा."

बुवा उंबऱ्यापर्यंत चालत गेले आणि सगळ्यांदेखत केरबासमोर वाकले. केरबाने घाईने त्यांना धरले. "अहो बुवा, हे काय करताय?"

"बोलू दे मला," बुवा म्हणाले. "तुला ठाऊक नाही. देवळात एक ओवी म्हणू का, म्हणून ठकू मला विचारायला आली होती. मी म्हणालो, तुझ्या गळ्यात काही नाही, घरी भाता ओढ. खोटं बोललो. त्याआधी दोन वर्षं दुपारच्या वेळी मी तुझ्या कुडामागे उभा राहून ऐकत होतो. नंतरही ऐकत राहिलो. तसा गळा मी कंपनीतसुद्धा ऐकला नाही, आणि माझा तर त्याच्या जवळपासही नाही."

त्यांनी केरबाचे दोन्ही हात धरले.

"फार चांगलं गायची रे ती."