टिल्ली उंदरीचं लाल टोपडं

गॅरेजच्या भिंतीत एक बीळ होतं. बिळात राहायची टिल्ली उंदरी. तिला एक बाळ होतं. बाळाला एक लाल टोपडं होतं. एकच!

टिल्लीनं टोपडं धुतलं. दारात वाळत घातलं. तेवढ्यात आली एक व्हॅन. भुर्रर्र! वारा सुटला. टोपडं उडालं. गेलं कुठं? व्हॅनच्या पोटात!

टिल्ली रागावली. शेपटी आपटली. फट्! फट्!

"व्हॅन, व्हॅन, माझं टोपडं दे!"

व्हॅन म्हणाली, "कसं देऊ? ते गिअरबॉक्सवर अडकलंय. गिअरबॉक्स उतरला तर देईन."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गिअरबॉक्सदादा, खाली उतर!
व्हॅन देईना टोपडं.
हा कुठला न्याय?"

गिअरबॉक्स म्हणाला, "मी केवढा जड! मिस्त्रीनं बोल्ट सोडले तर उतरेन."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गफूर मिस्त्री पाना पुसत होता.

"मिस्त्रीचाचा, बोल्ट सोडा!
गिअरबॉक्स उतरेना,
व्हॅन देईना टोपडं.
हा कुठला न्याय?"

मिस्त्री म्हणाला, "सहा तासांचं काम आहे, बेटा. मजुरी सहा भाकरी. तासाला एक!"

"एवढ्याशा टोपड्याला सहा तास?"

"टोपडं एवढंसं. पण गिअरबॉक्स केवढा! काकूनं भाकरी थापल्या तर सोडीन."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेवंताकाकू चुलीपाशी बसली होती.

"काकू, काकू, भाकरी थाप!
मिस्त्री सोडेना,
गिअरबॉक्स उतरेना,
व्हॅन देईना टोपडं.
हा कुठला न्याय?"

काकू म्हणाली, "पीठच नाही गं! गिरणीनं दळलं तर थापीन."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गिरणीबाई, पीठ दळ!
काकू थापेना,
मिस्त्री सोडेना,
गिअरबॉक्स उतरेना,
व्हॅन देईना टोपडं.
हा कुठला न्याय?"

गिरणी म्हणाली, "माझ्या पट्ट्यावर मांजर झोपलीय. ती उठली तर दळीन."

मांजर! टिल्ली दोन पावलं मागं सरली. पण बिळात बाळ होतं. उघड्या डोक्याचं! टिल्ली निघाली. तुरु... तुरु...

"मांजरी, मांजरी, ऊठ!
गिरणी दळेना,
काकू थापेना,
मिस्त्री सोडेना,
गिअरबॉक्स उतरेना,
व्हॅन देईना टोपडं.
हा कुठला न्याय?"

मांजरीनं एक डोळा उघडला. "तुझ्या टोपड्याचं मला काय?" आणि डोळा मिटला.

मला काय? मला काय?! टिल्लीला असा राग आला, असा राग आला! तिनं मांजरीची मिशी धरली. ओढली. खस्सकन!

"म्याँऽऽव!"

मांजर उडाली ती थेट छपरावर!

मांजर उठली,
गिरणी दळू लागली, घर्र घर्र!
काकू थापू लागली, थप थप!
मिस्त्री बोल्ट सोडू लागला, कुर्र कुर्र!

एक तास, एक भाकरी.
दोन तास, दोन भाकरी.
तीन, चार, पाच...
सहा तास, सहा भाकरी!

गिअरबॉक्स उतरला. धप्प!
व्हॅननं टोपडं दिलं.

पण टोपडं तेलानं काळंकुट्ट! टिल्लीनं कमरेवर हात ठेवले. "आता हे धुणार कोण?"

व्हॅन ओशाळली. तिनं काच धुवायचं पाणी सोडलं. चिर्र चिर्र! टोपडं झालं लालेलाल. बाळानं घातलं. बाळ हसलं. चीं चीं!

मिस्त्रीनं गिअरबॉक्स परत बसवला. व्हॅन निघाली. टिल्ली दारात उभी होती. शेपटी वर करून!

मग व्हॅन कशी गेली?

भुर्रर्र नाही.

भु... र्र... भु... र्र...

हळूच.